मदत हवी आहे: ताठरतेच्या अडचणीचं मूळ साखरेत, गोळीत की मनात?

वय ४६. गेले आठ महिने लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. इच्छा पूर्वीसारखीच आहे. हे एका रात्रीत झालं नाही, हळूहळू वाढत गेलं. पहाटे आपोआप येणारी ताठरताही आता क्वचितच. कारण फक्त मानसिक असेल तर ती सहसा टिकून असते, म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

मधुमेह सात वर्षं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, वर्षभरापासून. म्हणजे तक्रार गोळीनंतरची. पण साखरही त्याच सुमारास बिघडली, तिथेच घोळ आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी आठला तपासलं, नॉर्मल आलं. सिगारेट तीन महिन्यांपूर्वी सोडली. डॉक्टरांनी दिलेली ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल (५० मिग्रॅ) दोनदा घेतली, तीही भरपेट जेवणावर (त्यानं परिणाम लांबतो हे नंतर कळलं), फरक थोडाच. छातीत दुखत नाही, नायट्रेटची गोळी (हृदयाची, सिल्डेनाफिलसोबत चालत नाही ती) चालू नाही. जाहिरातीतली चूर्णं कृपया सुचवू नका. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करणार नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. मधुमेहानं नसा-रक्तवाहिन्यांना झालेली इजा आणि गोळीचा परिणाम हे वेगळे कसे ओळखतात? आधी गोळी बदलून पाहण्याबद्दल विचारू, की थेट लिंगाच्या डॉपलरबद्दल (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी)? ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या आधी दिसते, तर सोबत हृदयाच्या कोणत्या तपासण्या मागाव्यात?