फॅरलॉनचं दीपगृह साध्या माणसाला बघू द्यावं की नाही?

खाडीपलीकडचा:
सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटपासून साधारण ४३ किमी आत समुद्रात फॅरलॉन बेटं आहेत, त्यातल्या मोठ्या बेटाच्या माथ्यावर १८५५ चं दीपगृह आहे. १९७२ ला ते ऑटोमॅटिक झालं, आता तिथे फक्त मोजके पक्षी अभ्यासक राहतात आणि बाकी कुणाला पाय ठेवायची परवानगी नाही. व्हेल दाखवणाऱ्या बोटी लांबूनच फेरी मारून परत आणतात. आता इथे बे एरियात टॅक्स भरायचा आपण आणि वारसा बघायचा दुर्बिणीतून, हा कुठला न्याय? विणीचा सीझन सोडून वर्षातून दोन दिवस, लॉटरी काढून वीसेक लोक सोडा, एवढंच म्हणतोय. आणि किस्से काय एकेक, पहिला टॉवर बांधून झाला, मग फ्रान्सची लेन्स त्यात मावेचना, म्हणून पाडून पुन्हा मोठा बांधला. सरकारी काम सगळीकडे सारखंच!

उपद्व्यापी:
ती लेन्स फिशरमन्स व्हार्फजवळच्या मॅरिटाइम पार्कच्या सेंटरमध्ये ठेवलीये की, जाऊन बघा. टॉवरचं वरचं काचेचं डोकं पण कधीच उतरवलंय. मुंडकं नसलेला टॉवर बघायला उलट्या करत जायचं?

सुगरण नाही मी:
माणसं गेली की काय होतं ते त्या बेटाने बघून झालंय. सोनं शोधायला आलेल्यांच्या गर्दीत शहरात कोंबड्यांची अंडी मिळेनात, म्हणून इथल्या ‘मर’ (murre) नावाच्या समुद्रपक्ष्यांची अंडी ओरबाडली. पहिल्या दिवशी असतील नसतील ती सगळी फोडायची, म्हणजे नंतर मिळतील ती ताजीच. मादी उघड्या खडकावर एकच अंडं घालते हो! १८६३ ला त्यावरून गोळीबार होऊन दोन माणसं मेली. लाखांतले पक्षी काही हजारांवर आले.

खाडीपलीकडचा:
अहो ते अंडी विकणारे व्यापारी होते, दीपगृह बघायला आलेले नव्हते. दोन्ही एका मापाने कशाला मोजता? दीपगृहवाले तर बायकापोरांसकट तिथे राहिले.

सुगरण नाही मी:
त्यातलेही काही जण अंडी विकायचेच.

थळचा:
मी कोकणातला, त्यामुळे आमच्या अलिबागजवळच्या खांदेरी बेटाचं सांगतो. महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतलेला किल्ला, आत १८६७ चं दीपगृह, आणि एक दगड आहे जो ठोकला की भांड्यासारखा वाजतो. येणारा प्रत्येक जण हातात मिळेल तो धोंडा घेऊन ठोकतो, खळगे पडलेत त्याला. गेल्या वर्षी, २०२५ ला, युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, आता अजून ठोकतील. तरी मी म्हणेन लोकांनी यावं, कारण ती जागा माणसांचीच आहे, कोळ्यांचा वेताळ आहे तिथे. फॅरलॉनवर कुणाचा देव नाही की कुणाची जत्रा नाही, पक्ष्यांना राहू द्या की.

डेक्कनची:
मला एक कळत नाही. उंदीर मारायला हेलिकॉप्टरने अख्ख्या बेटावर विष टाकायचा प्लॅन आहे, २०२१ ला कोस्टल कमिशनने, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं बघणाऱ्या सरकारी मंडळाने, मंजुरीही दिली. ते चालतं आणि लॉटरीवाले वीस जण चालत नाहीत?

उपद्व्यापी:
उंदीर आले कसे? माणसांच्या जहाजांतून. त्या उंदरांसाठी घुबडं थांबतात, हिवाळ्यात उंदीर कमी झाले की पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी खातात. पेट्रेलची घरटी दगडांच्या फटीत असतात, म्हणजे नेमकं तुम्ही पाय ठेवाल तिथे. शिवाय धक्का नाहीये, बोट क्रेनने उचलून वर घेतात, साठीच्या काकांना असं लटकवणार का?

खाडीपलीकडचा:
काका लटकतील हौसेने. ऑक्टोबरमध्ये ठेवा, पक्ष्यांची मुख्य वीण संपलेली असते.

उपद्व्यापी:
ऑक्टोबर म्हणजे ग्रेट व्हाइट शार्कचा सीझन. आणि डिसेंबरमध्ये एलिफंट सील वितात.

खाडीपलीकडचा:
मग राहिलं काय, तीस फेब्रुवारी?

सुगरण नाही मी:
चालेल की. लॉटरीत माझं नाव टाका.