टॉर्क सोडायचं आहे: स्लर्म घ्यावं की ओपनपीबीएस?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात 12 नोडचा (एकत्र जोडलेल्या संगणकांचा) छोटा क्लस्टर आहे, 2 नोडवर जीपीयू. सांभाळायला मी एकटाच, तेही शिकवण्याचे तास सांभाळून. त्यावर कोणाचं काम (जॉब) कधी चालेल हे ठरवायला इतकी वर्षं टॉर्क हे सॉफ्टवेअर वापरलं; स्लर्म आणि ओपनपीबीएसही त्याच कामाची. पण 2018 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या मुक्तस्रोत राहिल्या नाहीत, म्हणून या सुट्टीत ते बदलायचंच आहे.

खरं दुखणं रांगेचं आहे. आमच्याकडे 'आधी येईल त्याला आधी' एवढाच नियम. एका गटाने 200 जॉब टाकले की एमएस्सीच्या मुलीचा 20 मिनिटांचा जॉब 3 दिवस लटकतो. "सर, माझा नंबर कधी?" असं ती विचारते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

ओपनपीबीएस टॉर्कच्याच घराण्यातलं, जॉब टाकायची क्यूसब ही आज्ञा तशीच राहील आणि मुलांना नव्याने शिकावं लागणार नाही. स्लर्मचं फेअरशेअर (ज्याने आधी जास्त वापर केला त्याला मागे ठेवणारा नियम) मला जास्त आवडलंय, शिवाय पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकावर स्लर्मच आहे. पुढे तिथे काम मिळालं तर आमच्या मुलांना सोपं जाईल. एचटीकॉन्डोर हा तिसरा पर्याय सुट्या सुट्या हजारो जॉबसाठी उत्तम, पण आमचे एमपीआय (अनेक नोडवर मिळून चालणारे) जॉब 4-4 नोडवर पसरतात, म्हणून ते बाजूला ठेवलं.

अडतंय ते इथे: स्लर्मच्या फेअरशेअरसाठी डेटाबेस लागतोच का? आणि टॉर्कसाठी लिहिलेल्या जुन्या पीबीएस स्क्रिप्टचं (जॉबच्या सूचना असलेल्या फायलींचं) काय करायचं? कोणी असा बदल केला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
सर, डेटाबेस लागतो, पण 12 नोडसाठी मारियाडीबी हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर हेडनोडवरच (क्लस्टरच्या मुख्य संगणकावरच) आरामात चालतं. मंजची (स्लर्मसाठी नोडची एकमेकांना ओळख पटवणाऱ्या सेवेची) किल्ली सगळ्या नोडवर एकच हवी आणि घड्याळं जुळलेली हवीत. सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडकतात.

एसबॅच ही स्लर्मची जॉब टाकायची आज्ञा जुन्या पीबीएस ओळींतले बरेच पर्याय वाचते. मात्र 'सीडी पीबीएस_ओ_वर्कडिर' ही जॉब टाकलेल्या फोल्डरमध्ये नेणारी ओळ काढाच. स्लर्ममध्ये पीबीएस_ओ_वर्कडिर हा व्हेरिएबल रिकामा असतो, त्यामुळे जॉब होम डिरेक्टरीत जातो आणि इनपुट फाइल सापडत नाही. जॉब टाकला त्याच फोल्डरमध्ये स्लर्म आपणहून सुरू होतं.

त्या मुलीचा छोटा जॉब मोठ्या जॉबच्या मधल्या फटीत बसवायचं काम स्लर्मची बॅकफिल ही सोय करेल, पण प्रत्येकाने वेळमर्यादा खरी लिहिली तरच. सगळ्यांनी 7 दिवस लिहिले तर फट दिसणारच नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ती सीडीची ओळ आमच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आहे! आधी 2 नोडवर स्लर्म लावून बघतो आणि इथेच कळवतो.