'काउंटी जेल'चा 'बॉण्ड' मराठीत कसा आणायचा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉन्सन काउंटी आहे (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग). तिथल्या तुरुंगाबद्दलचा मजकूर मराठीत करतेय. हा तुरुंग १९८१चा, ४६ जणांसाठी बांधलेला. पुढे खाटेवर खाट चढवून ९२ जणांची सोय केली. तेही पुरेना, म्हणून उरलेले कैदी पैसे मोजून दुसऱ्या काउंट्यांत ठेवायला लागले. शेवटी नवा तुरुंग आणि कोर्टाच्या खोल्या एकत्र बांधायचं ठरलं, आणि त्यासाठी ४ कोटी ६८ लाख डॉलरचं कर्ज काढायचं का, असं नोव्हेंबर २०१२मध्ये मतदारांना विचारलं. मी लिहिलं : 'जिल्हा कारागृह विस्तारीकरणाच्या रोख्यांसाठी सार्वमत'. वाचून शासन निर्णय हातात घेतल्यासारखं वाटलं. सुचवा काहीतरी.

---

आधी ते 'विस्तारीकरण' काढा. 'विस्तार' पुरतो, 'वाढीव बांधकाम' त्याहून बरं.

'जिल्हा कारागृह' तर नकोच. तिकडे जेल वेगळा, प्रिझन वेगळं. जेल काउंटीचा : खटला सुरू असलेले आणि वर्षाच्या आतली शिक्षा झालेले लोक तिथे. मोठी शिक्षा लागली की राज्याच्या नाहीतर केंद्राच्या प्रिझनमध्ये रवानगी. आपलं जिल्हा कारागृह राज्य सरकारचं, त्याचा पैसा मंत्रालयातून सुटतो. जिल्ह्यातल्या लोकांना मत कोण विचारतंय? शिवाय जॉन्सन काउंटीची वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपला एखादा तालुका. 'काउंटीचा तुरुंग' म्हणा. 'तुरुंग'ही मूळचा परकाच, पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आलेला. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, ओंडका; कैद्याचे पाय ज्यात अडकवायचे तो लाकडी खोडाही त्यातच आला.

---

मी तहसील कचेरीत नोकरी केली. आमच्या आवारातच 'दुय्यम कारागृह' होतं, लोकांच्या तोंडी सबजेल. दगडी भिंत, दोन-तीन बराकी, दुपारी ठेकेदाराचे डबे आले की हवालदार दारात झाकण उघडून बघायचा. आत सगळे कच्चे कैदी. सरकारी भाषेत 'न्यायाधीन बंदी', पण ते कागदावर. कोठडीत जागा चौघांची आणि माणसं दहा, हे आम्हाला नवीन नव्हतं. तुमच्या काउंटी जेलला सगळ्यात जवळचा शब्द हाच. फरक एवढाच की आमच्याकडे जबाबदारी तहसीलदाराची, तिकडे निवडून आलेल्या शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची.

---

शेरीफवरून आठवलं. कोशात बघून 'नगरपाल' लिहू नका हं! मुंबईचे नगरपाल म्हणजे मानाचं पद, सुनील गावस्करही होते. वाचकाला वाटेल गावस्करांच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या.

---

खरी गंमत 'बॉण्ड'मध्ये आहे. तुरुंग बांधायला काउंटी जो बॉण्ड काढते तो 'कर्जरोखा'. पुणे महापालिकेने २०१७मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे काढले होते, तेव्हा सगळ्या पेपरांनी हाच शब्द वापरला. पण कैदी सुटण्यासाठी जो बॉण्ड भरतो तो 'जामीन'. अमेरिकेतल्या अशा तुरुंगांत दोन तृतीयांशाहून जास्त लोक दोषी न ठरलेले असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांकडे जामिनाचे पैसेच नसतात. म्हणजे एक बॉण्ड भरता येत नाही म्हणून माणसं आत, आणि आत जागा नाही म्हणून दुसरा बॉण्ड. तिकडे एक शब्द आहे, आपल्याकडे सुदैवाने दोन. ते नीट वेगळे ठेवा.

'सार्वमत' मात्र जड होतं. गोव्याच्या १९६७च्या सार्वमतासारखं काहीतरी भव्य वाटतं. 'मतदारांचा कौल' पुरे.

---

खूप उपयोग झाला. दोन गाठी उरल्यात. मूळ प्रस्तावात '२४३ बेड' आहेत. '२४३ खाटांचा तुरुंग' लिहिलं तर ग्रामीण रुग्णालयाच्या उद्घाटनाची बातमी वाटते. आणि प्रकल्पाचं नाव होतं 'जस्टिस सेंटर'. 'न्यायसंकुल' करू?

---

आपल्याकडे तुरुंगाची 'क्षमता' सांगतात, '२४३ कैद्यांची क्षमता'. खाटेचा प्रश्नच नसतो, पथारी असते.

'न्यायसंकुल' शब्द म्हणून बरोबर आहे, पण त्यात तुरुंग दिसत नाही. अर्थात इंग्रजी नावातही दिसत नव्हता. तेव्हा नाव तसंच ठेवा आणि पुढच्याच वाक्यात 'म्हणजे तुरुंग आणि कोर्ट एका छताखाली' असं सांगून टाका. आपल्या तुरुंगखात्याचं नाव तरी काय, 'कारागृह व सुधारसेवा'!

निकाल काय लागला?

---

बाजूने ५६ टक्के. मे २०१३मध्ये पुन्हा विचारलं, तुरुंग १९५ जणांवर आणला, रक्कम ४ कोटी ३५ लाखांवर, तेव्हा ५४. आयोवात असं कर्ज काढायला ६० टक्के लागतात. मी लिहिलंय 'मतदारांनी प्रस्ताव दोनदा फेटाळला'.

---

फेटाळला कुठे? निम्म्याहून जास्त लोक 'हो' म्हणाले की. फेटाळायला नकाराचं बहुमत लागतं. 'मंजुरी हुकली' म्हणा.

---

'दोनदा हुकली.' घेतलं.