आयसॉन आणि एन्के हे धूमकेतू एकाच फ्रेममध्ये: २०१३ च्या रॉ फाइल्स स्टॅक करायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मामांच्या जुन्या हार्ड डिस्कवर नोव्हेंबर २०१३ मधल्या एका पहाटेच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा) सापडल्या. वेल्ह्याजवळून, साध्या ट्रायपॉडवर, १०० मिमी लेन्सने, दोन-दोन सेकंदांचे शॉट. डावीकडे पुण्याचा पिवळट उजेड, खाली डोंगराची कड, वर बुध आणि आयसॉन. दहा-बारा फ्रेम एकावर एक रचून एकत्र केल्या (म्हणजे स्टॅक केल्या) तर आयसॉनशेजारी एन्केही उमटतो! आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना विरून गेला. एन्के दर ३.३ वर्षांनी येतोच, पण ही जोडी पुन्हा दिसायची नाही. म्हणून या फाइल्सचं चीज व्हायलाच हवं.

स्टॅक करायला सिरिल हे सॉफ्टवेअर वापरतेय. फ्रेम ताऱ्यांवर जुळवून (अलाइन) स्टॅक केलं की आयसॉनचं डोकं लांबट होतं, आयसॉनवर केलं की ताऱ्यांच्या रेघा होतात आणि एन्के पुसट. तारे, आयसॉन आणि एन्के यांचे तीन वेगळे स्टॅक करून शेवटी जोडायचे, इथपर्यंत कळलंय. पहिले दोन जमले. घोडं अडलंय एन्केपाशी. सुट्या फ्रेममध्ये तो दिसतच नाही, मग सिरिल मागतं तशी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये त्याची जागा दाखवायची कशी?

नासाच्या जेपीएल होरायझन्स या ग्रह-धूमकेतूंच्या जागा सांगणाऱ्या ऑनलाइन सेवेवरून त्या-त्या मिनिटाची जागा काढता येईल. पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का, हे मामांनाही आठवत नाही. आयसॉन तेव्हा झपाट्याने सरकत होता, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा मोजून खरी वेळ उलट काढावी आणि त्या वेळेवरून एन्के गाठावा, असं डोक्यात आहे. हे कुणी करून पाहिलंय का? क्षितिजाजवळ वातावरणामुळे तारे किंचित वर उचललेले दिसतात, त्याने मोजमाप किती बिघडेल?

दुसरं म्हणजे, उजाडत असल्याने प्रत्येक पुढची फ्रेम आधीच्यापेक्षा उजळ आहे. हा उजेडाचा चढउतार (ग्रेडियंट) एकेका फ्रेममधून आधी काढावा की स्टॅक झाल्यावर? आधी काढला तर आयसॉनची शेपटीही जाईल, अशी भीती वाटते. ती शेपटी मुळातच फिकट आहे आणि मला ती काहीही करून राखायची आहे.

कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी सोबत बसून दाखवणार असेल तर लॅपटॉप घेऊन येईन. नाहीतर इथेच लिहा, दोन-चार फ्रेम अपलोड करते.