गर्दुल्ल्यांना सरकारी खर्चाने सुया आणि गोळ्या: बरोबर की चूक?

पारावरचा
आपल्याकडे सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात गर्दुल्ल्यांना नव्या सुया आणि हेरॉइनऐवजी घ्यायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या फुकट मिळतात, हे सांगितलं की बहुतेक लोक भडकतात. माझं म्हणणं, हे अजून वाढवायला हवं. मणिपूर बघा ना. १९८९-९० च्या सुमारास तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही शिरला आणि बघता बघता त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना लागण झाली, कारण सुई सापडली तर पोलीस धरतील ही भीती, मग एकच सिरिंज चार-पाच जणांत फिरायची. तिथून तो त्यांच्या बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत गेला, ज्यांनी जन्मात कधी नशा केली नव्हती. जुनी सुई घेऊन नवी द्यायची ती यासाठी. गोळीचंही तसंच, केंद्रात स्टाफसमोर जिभेखाली ठेवायची, टर्की लागत नाही, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास होत नाही, पुडीच्या मागे दिवस जात नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. २०१९ च्या एम्सच्या सर्व्हेत सुईने नशा करणारे देशात साडेआठ लाखांच्या आसपास निघाले. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम २७ खाली नुसतं हेरॉइन घेतलं म्हणून वर्षभर कैद होऊ शकते. एवढ्या सगळ्यांना आत टाकणार का?

सातारी माणूस
मावशीच्या घरात हे सगळं जवळून बघितलंय म्हणून लिहितो. भांडी विकली, मंगळसूत्र गेलं. भाऊ सुटला तो पूर्ण सोडून, रोज व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जाऊन. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून माणसं उभी करतंय ती पूर्ण सोडायला लावूनच. तुमची ब्युप्रेनॉर्फिन पण ओपिऑइडच, हेरॉइनच्याच जातीची आहे, म्हणजे एका दावणीतून सोडून दुसऱ्या दावणीला बांधलं. पंजाबात गोळ्या घरी न्यायला दिल्या तर त्या बाहेर विकल्या जायला लागल्या. हे कोण थांबवणार? आणि सरकारनेच सुई हातात दिली तर आईने पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं की बाबा हे वाईट आहे?

रात्रपाळी
नर्स आहे, एवढंच सांगते. दोन-तीन महिने पूर्ण बंद असलेला माणूस स्लिप झाला की तो जुन्याच हिशोबाने डोस घेतो, पण शरीराची सवय तोवर गेलेली असते आणि श्वास थांबतो. जेलमधून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. तुमचा भाऊ सावरला याचा खरंच आनंद आहे, पण जे पहिल्या फटक्यात सावरत नाहीत त्यांना दुसरी संधी मिळायला आधी जिवंत तर राहायला हवं. गोळी चालू असेल तर हे मरण बऱ्याच अंशी टळतं, यावर जगभर भरपूर अभ्यास झालाय. ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो, ते रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या बॅगेत पाहिजे.

कुरकुंभ रोड
तुम्ही सगळे गर्दमध्ये अडकलात, इकडे पोरं एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात पुणे पोलिसांना किलोच्या किलो सापडलं. एमडीला कुठली गोळी देणार? तिथे बदली औषधच नाही. आणि शिक्षा काढून टाका म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं ओरेगॉन बघावं, २०२० ला मतदान घेऊन थोडा माल जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं, फुटपाथवर उघड नशा सुरू झाली, २०२४ ला कायदा परत फिरवावा लागला.

पारावरचा
एमडीचं बरोबर आहे, तिथे समुपदेशन आणि मानसोपचार हाच रस्ता, आणि तो लांबचा आहे. पण जेल हे पण औषध नाही ना! ओरेगॉनमध्ये शंभर डॉलरचा दंड होता, हेल्पलाईनला फोन केला की माफ, आणि फोन फारच थोड्यांनी केले. उपचाराचा पैसाही उशिरा पोचला. पोर्तुगालने २००१ ला हेच केलं पण तिथे दहा दिवसांपुरता माल सापडला तर माणसाला आयोगासमोर बसवतात, वकील, समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ, आणि लागेल तसा उपचार तिथूनच जोडून देतात. नशेमुळे होणारी एचआयव्हीची लागण तिथे प्रचंड खाली आली. आणि विकणाऱ्याला तिथेही जेलच आहे, कारखानेवाल्याला सोडा असं मी कुठे म्हटलंय? आपल्या कायद्यातही कलम ६४ अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट. किती घरांना हे माहीत आहे?

सातारी माणूस
६४ अ आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हे प्रत्येक पोलीस चौकीत मराठीत लावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. सुईचं एचआयव्हीसाठी समजू शकतो. पण गोळी घरी न्यायला देण्याला माझा विरोध कायम, केंद्रात समोर बसवून द्या. आणि गोळी चालू करताना ती बंद कधी करायची हे डॉक्टरने घरच्यांना बसवून सांगितलंच पाहिजे.

रात्रपाळी
बसवून सांगायलाच हवं, पण तारीख ठरवून बंद करू नका. काहींना वर्षानुवर्षं लागते. घाईने तोडली की बरेच जण परत पुडीवर जातात.