स्वयंचलित गाड्या येऊ द्या, पण माझ्या हातातलं स्टीअरिंग काढू नका

घाटवेडा
पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर गुरगुरत असते. आंधळ्या वळणाआधी आपण हॉर्न देतो. वरून उतरणारी एसटी कडेला घेऊन थांबते, कारण अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. तिचा ड्रायव्हर हात वर करतो, आपणही करतो. मला गाडी चालवायला आवडतं ते यासाठी.

हल्ली मात्र जिथे तिथे एकच ऐकायला मिळतं: माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, तेव्हा चालवणं यंत्राकडेच द्या. तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. चालवणं म्हणजे नुसती कटकट, हे गृहीत धरण्याशी आहे. चालवताना माणूस पूर्ण जागा असतो. डोळे, कान, हात, पाय एकाच कामाला लागतात. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्याला असं दुसरं काय मिळतं?

आणि अर्धवट यंत्र तर जास्तच धोक्याचं. गाडी लेन सांभाळते, अंतर राखते, की माणसाचं लक्ष उडतं. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पे गावात उबरच्या चाचणीतल्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं, त्यात त्या गेल्या. गाडीवर नजर ठेवायला बसवलेली व्यक्ती तेव्हा मोबाइल बघत होती.

अस्थिरोग
घाटवेडासाहेब, घाटाचं वर्णन पटलं. आता आमच्या कॅज्युअल्टीतलं ऐका. रात्री दीडला कॉलेजातला मुलगा येतो, नडगीचे तुकडे, पायाची बोटं गार पडलेली. मित्र सांगतात, वळणावर बाईक झोपवत होता. त्यालाही आनंदच हवा होता.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरचे चाळीस टक्क्यांहून जास्त. यंत्र दारू पीत नाही, पहाटे एक्स्प्रेसवेवर डुलकी काढत नाही, मागून कुणी डिपर दिला म्हणून चिडत नाही. तुम्ही टेम्पेचं एक उदाहरण दिलंत. माणसांनी केलेल्या अपघातांची यादी करायला बसलो तर वही पुरणार नाही.

घाटवेडा
डॉक्टर, आकडा भयंकर आहे, त्यावर वाद नाही. पण त्या मुलाला विनाचालक मोटार कशी वाचवणार होती? हेल्मेट, उलट दिशेने घुसणारे, खड्डे, रात्री दिवे न लावता उभे केलेले ट्रॅक्टर-ट्रॉली, यांवर सेन्सर हा उपाय नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. असं तंत्रज्ञान मला हवंय. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ देत नाही आणि चालवणं माझ्याचकडे ठेवतं.

अस्थिरोग
दुचाकीवाला दर वेळी स्वतःहून पडत नाही हो. बऱ्याचदा त्याला मोटार नाहीतर ट्रक ठोकतो. ठोकणाऱ्या गाडीने वेळेत ब्रेक लावला असता तर तो वाचला असता. तो ब्रेक यंत्राने लावला की माणसाने, त्याच्या आईला काही फरक पडत नाही.

बे_एरियातून
मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते. जून २०२४ पासून इथे वेमो ही विनाचालक टॅक्सी सगळ्यांना खुली झाली. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. इथे आली की माझ्या सुट्टीची वाट बघत घरात बसायची. आता गाडी बोलावते, टपावरच्या दिव्यात अक्षरं उमटतात ती वाचून आपली गाडी ओळखते आणि मैत्रिणीकडे एकटी जाऊन येते. तिचा आनंदही मोजा की.

सगळं गोड आहे असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरात क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीने आधीच दुसऱ्या गाडीची धडक बसलेल्या बाईंना फरफटत नेलं. क्रूझचा परवाना रोखला, ते बरोबरच झालं. म्हणून परवानगी एकेका शहरात, तपासून, हळूहळू द्यावी. बंदी नको.

सातपुडा
बाईकवाल्यांची बाजू मांडतो. यामाहाने मोटोबॉट नावाचा यंत्रमानव बनवून २०१७ मध्ये बाईक शर्यतींचा जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसीशी ट्रॅकवर त्याची गाठ घालून दिली. रॉसीने सुमारे ८६ सेकंदांत फेरी मारली, यंत्राला सुमारे ११७ लागले. उद्या यंत्र जिंकेलही. तरी तोरणमाळच्या वळणांवर मला स्वतःलाच कलायचंय, दुसऱ्या कुणी माझ्यासाठी बाईक चालवून काय उपयोग?

मालट्रक
तुम्हा सगळ्यांचं वाचलं. माझे वडील ट्रक चालवायचे. घाटवेडा, चालवण्याची मजा सुट्टीत बाहेर पडणाऱ्याला. कसारा घाटात पुढे ट्रॅफिक तुंबलेलं, केबिनमध्ये इंजिनची धग, क्लच दाबून दाबून गुडघा गेलेला, माल वेळेत पोचला नाही तर भाडं कापणार. त्यांना ती कटकटच होती. डॉक्टर, डुलकी लागते कारण झोपू देत नाहीत.

म्हणून यंत्र आणा म्हणावं, तर घर त्याच पगारावर चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात गडकरी म्हणाले की विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. ते मला पटलं. नव्या ट्रकना ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची केली, तेही पटलं. आता किती तास चालवायचं ते कागदावर न ठेवता पाळायला लावा, हायवेला झोपायला धड जागा द्या. हे आधी करा.

घाटवेडा
मालट्रक भाऊ, तुमचं म्हणणं पटलं. पोटासाठी चालवणाऱ्याचा मी विचारच केला नव्हता. एक्स्प्रेसवेवर रात्रीच्या लांब पल्ल्याला यंत्राने मदत करावी, मला चालेल. पण सोबत परवान्याची परीक्षाही कडक करा. मैदानात आठचा आकडा काढला की घाटात उतरायला मोकळा, हे थांबलं पाहिजे. उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरवर इंजिननेच वेग रोखणं, कसं करायचं हे किती जणांना कुणी शिकवलंय?

अस्थिरोग
परीक्षेचं शंभर टक्के मान्य. एक विचारतो, तुमच्या गाडीत एडास, म्हणजे लेन सांभाळणारी, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, आहे ना? घाटात बंद करता का?

घाटवेडा
लेन असिस्ट बंद करतो. पांढरे पट्टे पुसलेले असतात, ते स्टीअरिंग भलतीकडे ओढतं. ऑटोमॅटिक ब्रेक मात्र कधीच बंद केलेला नाही.