मदत हवी आहे: विंडो धरून सरकवायची सीएसएस प्रॉपर्टी सगळीकडे एकच व्हावी, ही मागणी नीट कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

दोन गोष्टींसाठी मदत हवीये. एक अगदी आजची अडचण आहे आणि दुसरी जरा मोठी, पण दोन्हींचं मूळ एकच आहे म्हणून एकाच धाग्यात लिहितीये.

मी तबल्याच्या रियाजासाठी लेहऱ्याचं (तबल्याला साथ म्हणून फिरत राहणाऱ्या सुरावटीचं) छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलंय. ताल निवडायचा, लय ठरवायची आणि लेहरा आवर्तनामागून आवर्तन फिरत राहतो, बस. विंडो मुद्दाम लहान ठेवलीये कारण वाजवणारा समोर कायद्यांची (तबल्यातल्या रचनांची) पीडीएफ उघडून बसलेला असतो, लेहरा त्याला कोपऱ्यात हवा असतो. आता कोपऱ्यात न्यायची तर ती धरून ओढता आली पाहिजे ना, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

ॲप इलेक्ट्रॉनमध्ये आहे, म्हणजे वेब पानातून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन. सिस्टीमची टायटल बार मी काढून टाकलीये, एवढ्याशा विंडोत ती फुकट जागा खाते. त्याजागी माझी स्वतःची 56 पिक्सेलची पट्टी आहे, तिच्यात रागाचं नाव, मात्रांचा काउंटर आणि तालाचं बटण. पट्टीला सीएसएसमध्ये (पान कसं दिसेल ते सांगायची भाषा) '-वेबकिट-ॲप-रीजन: ड्रॅग', म्हणजे 'इथे धरून विंडो ओढता येईल' असं दिलंय, बटणाला 'नो-ड्रॅग' दिलंय, विंडो मस्त सरकते. पण तालाचं बटण दाबलं की यादी पट्टीच्या वरच्या कडेपासूनच खाली उघडते, एकेक ओळ 28 पिक्सेलची, म्हणजे पहिल्या दोन ओळी बरोब्बर पट्टीवर येतात. आणि त्या दोन दाबल्याच जात नाहीत! तीनताल आणि झपताल. खालचे रूपक, एकताल, दीपचंदी व्यवस्थित चालतात. तीनतालावर माऊस दाबून ओढलं तर विंडो सरकते, यादी दिसतीये पण माऊसच्या लेखी ती तिथे नाहीच. यादीला पण 'नो-ड्रॅग' देऊन बघितलं, झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो आकडा) वाढवून बघितला, काही फरक नाही. आता तबला शिकणाऱ्याला तीनतालच मिळत नसेल तर त्या ॲपचा काय उपयोग, सांगा.

ही झाली आजची अडचण. मोठी अशी की मला हेच ॲप टाउरी या तशाच दुसऱ्या साधनावर न्यायचंय, कारण इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोमच्या आतलं ब्राउझर) देतं आणि टाउरी सिस्टीममधलाच वेबव्ह्यू (पान दाखवणारा भाग) वापरतं, डाउनलोड खूप लहान होतं. गावाकडे मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप जोडून उतरवणाऱ्याला हा फरक फार मोठा असतो. पण मॅकवर तो वेबव्ह्यू म्हणजे डब्ल्यूके-वेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिट-जीटीके, आणि नावात '-वेबकिट-' असूनही ही प्रॉपर्टी खऱ्या वेबकिटला (सफारीचं इंजिन, हे दोन्ही वेबव्ह्यू त्यावरच चालतात) कळतच नाही! एरर नाही, वॉर्निंग नाही, ओळ गुपचूप गाळली जाते आणि विंडो जागची हलत नाही.

मग शोधत बसले तर अशी ॲप्स बनवायच्या प्रत्येक साधनाच्या घरी वेगळी चूल. टाउरीत 'डेटा-टाउरी-ड्रॅग-रीजन' असं ॲट्रिब्यूट लावायचं आणि तेही ज्या एलिमेंटला लावलं त्यालाच, आतल्यांना परत वेगळं, वेल्समध्ये '--वेल्स-ड्रॅगेबल' अशी कस्टम प्रॉपर्टी, न्यूट्रॅलिनोत जावास्क्रिप्टचं फंक्शन बोलवून एलिमेंटचा आयडी द्यायचा, पायवेबव्ह्यूत ठराविक नावाचा क्लास, विंडोजच्या वेबव्ह्यू-2 मध्ये 'ॲप-रीजन' (तीच प्रॉपर्टी, '-वेबकिट-' शिवाय) चालतं पण आधी होस्ट ॲपमध्ये एक सेटिंग चालू करावं लागतं. आणि फायरफॉक्समध्ये '-मॉझ-विंडो-ड्रॅगिंग' नावाची प्रॉपर्टी आहेच, पण ती त्यांच्या स्वतःच्या टॅबपट्टीसाठी, बाहेरच्या पानांना वापरता येत नाही. म्हणजे गरज सगळ्यांना पडलीये, तिथेपर्यंत सगळे पोचलेत, फक्त शब्द प्रत्येकाचा वेगळा.

कोणी म्हणेल जावास्क्रिप्टने कर. केलं ते पण. माऊस दाबला की जागा लक्षात ठेवायची, हलला तेवढी विंडो हलवायची. कडेला नेऊन अर्ध्या स्क्रीनला चिकटवायची विंडोजची सोय त्यात गेली, एक मॉनिटर 100 टक्के आणि दुसरा 150 टक्के स्केलवर असला की हद्द ओलांडताना विंडो उडी मारते, आणि लिनक्सवर वेलँड (स्क्रीनवर विंडो दाखवायची तिथली एक पद्धत) असेल तर विषयच संपला कारण तिथे ॲपला स्वतःची जागा ठरवायची मुभाच नाही. तिथे कंपोझिटरला (सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रामला) फक्त विनंती करता येते की हा माऊस दाबलाय, आता विंडो तू सरकव.

तर माझे प्रश्न असे. तीनताल दाबता येईल असं काय करू? आणि 'ॲप-रीजन' ही रीतसर प्रमाणित प्रॉपर्टी व्हावी यासाठी सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या सीएसएस वर्किंग ग्रुपकडे मागणी मांडायची तर माझ्यासारख्या एकटीने काम करणारीचं तिथे कोणी ऐकतं का, आणि काय मांडलं तर ऐकतील? कोणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमची यादी एचटीएमएलमध्ये पट्टीच्या आधी आहे का? पैज लावून सांगतो, आधीच असणार.

कुठे धरून ओढता येईल हा हिशोब झेड-इंडेक्स बघतच नाही. ब्राउझर पानावरून वरपासून खाली जातो, 'ड्रॅग' दिसला की तो चौकोन जमा करतो, 'नो-ड्रॅग' दिसला की तेवढा वजा करतो. तुमची यादी आधी आली, जमेत काहीच नसताना वजा झाली, नंतर पट्टी आली आणि तिने पूर्ण 56 पिक्सेल परत जमा केले. यादीचा डिव्ह उचलून पट्टीच्या खाली, बॉडीच्या शेवटी टाका, 'नो-ड्रॅग' तसंच राहू द्या. अजून एक, तपासताना डेव्हटूल्स (पान तपासायची ब्राउझरची खिडकी) बंद ठेवा, ती उघडी असताना ड्रॅगची पट्टी नीट न चालण्याचा त्रास पूर्वीपासून आहे, तुम्ही बरोबर केलं असलं तरी चुकलंय असं वाटेल.

प्रतिसाद २

मला एक शंका आहे, विरोध म्हणून नाही. हे सीएसएसमध्येच कशाला हवं? विंडो सरकवणं हे वागणं आहे, दिसणं नाही. टाउरीसारखं एक ॲट्रिब्यूट एचटीएमएलमध्ये आणलं तर जास्त सरळ नाही का? आणि सफारी, फायरफॉक्सने हे का करावं, त्यांच्याकडे पानाला टायटल बारमध्ये शिरूच देत नाहीत.

धागाकर्ती

@प्रतिसाद १, तुम्हाला मनापासून धन्यवाद! यादी खरंच आधी होती. शेवटी टाकली आणि तीनताल लागला. चार दिवस मी झेड-इंडेक्सच्या मागे होते.

@प्रतिसाद २, वागणं तर 'टच-ॲक्शन' आणि 'पॉइंटर-इव्हेंट्स' मध्येही आहेच आणि त्या सीएसएसमध्येच आहेत. माझ्या ॲपमध्ये विंडो अगदी अरुंद केली की पट्टी वरून डावीकडे उभी जाते, हा बदल मीडिया क्वेरीत (विंडोच्या मापानुसार सीएसएस बदलायची सोय) होतो, ओढायची जागाही तिथेच बदलायला हवी. ॲट्रिब्यूट असेल तर त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहा. फायरफॉक्सचं म्हणाल तर आतली सोय त्यांच्याकडे आहेच. आणि सफारीत नको असेल तरी डब्ल्यूके-वेबव्ह्यू वापरणारी कितीतरी मॅक ॲप्स आहेत, त्यांना हवंय.

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षं ब्राउझरच्या आसपास काम केलंय, सविस्तर लिहितो.

आधी ऐकतात का, तर ऐकतात. ग्रुपचं काम गिटहब या साइटवर उघड्यावर चालतं, कोणीही इश्यू (चर्चेची नोंद) टाकू शकतं, शीर्षकात सुरुवातीला चौकटी कंसात मॉड्यूलचं (सीएसएसच्या त्या भागाचं) नाव द्यायची पद्धत आहे, तुमचा विषय सीएसएस-यूआयमध्ये बसेल. टाकण्याआधी जुने इश्यू शोधा, 'ॲप-रीजन' असं शोधलंत तर आधीची चर्चा सापडेल, नवा फाटा फोडण्यापेक्षा तिथे तुमचं उदाहरण घाला. मोझिला आणि वेबकिट दोघांच्याही 'स्टँडर्ड्स पोझिशन्स' नावाच्या रेपो (गिटहबवरच्या जागा) आहेत, त्यांचं म्हणणं तिथे विचारता येतं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की शेवटपर्यंत जायला एकमेकांपासून स्वतंत्र अशी दोन इम्प्लिमेंटेशन्स लागतात, म्हणजे दोन वेगळ्या इंजिनांनी ते करून दाखवावं लागतं. एकट्या क्रोमियमने केलं, मग ते इलेक्ट्रॉनमध्ये असो, एजमध्ये असो, तरी ते एकच धरतात.

आता खरी गोम. तुम्हाला वाटेल की चौकोनांची बेरीज वजाबाकी हा आळशीपणा आहे, क्लिक झाला की बघावं खाली काय आहे. तसं नाहीये. विंडोजमध्ये माऊस हलला की सिस्टीम विंडोला विचारते, हा बिंदू कशाचा, आतला की टायटल बारचा? उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. पान दुसऱ्याच प्रोसेसमध्ये असतं, त्याला विचारायला जाऊन चालत नाही, म्हणून पान चौकोनांची यादी आधीच पाठवून ठेवतं. 'टायटल बार' असं उत्तर गेलं की माऊस सिस्टीमच्या ताब्यात, म्हणूनच तुमच्या पट्टीवर होव्हर (नुसता माऊस नेल्यावर होणारा बदल) चालत नसणार आणि राइट क्लिकला सिस्टीमचा मेन्यू येत असणार. त्यामुळे चौकोन काढून टाका असं मागू नका. मागायचं ते हे की हिशोब एचटीएमएलच्या क्रमाने न होता रंगवण्याच्या क्रमाने व्हावा, जे डोळ्याला वर दिसतं तेच वर धरावं.

त्यातही एक खाच आहे. पट्टीच्या आतलं रागाचं नाव पण पट्टीच्या वरच रंगवलं जातं, त्याला काहीच दिलेलं नसतं, आणि ते धरून विंडो सरकावी हीच अपेक्षा असते. मग काहीच न दिलेली यादी आणि काहीच न दिलेलं नाव यांत फरक कसा करणार? माझं मत असं की जे पट्टीचं वंशज नाही आणि तरी तिच्यावर रंगवलंय ते आपोआप वजा व्हावं, वंशज असेल ते नाही. याने जुनी ॲप्स फारशी मोडणार नाहीत असं मला वाटतं. हा मुद्दा तुम्ही तीनतालच्या स्क्रीनशॉटसकट मांडलात तर कोणालाही पटकन कळेल.

सुरक्षेचा प्रश्न विचारतीलच, पानाने भलतीकडे ओढायची जागा पसरून माणसाला अडकवलं तर? त्याला उत्तर आहे. साध्या टॅबमध्ये ही प्रॉपर्टी काहीच करत नाही. क्रोम आणि एजमध्ये आवृत्ती 105 पासून, म्हणजे 2022 पासून, विंडो कंट्रोल्स ओव्हरले (पानाला टायटल बारची जागा देणारी सोय) आहे, ते फक्त इन्स्टॉल केलेल्या वेब ॲपला मिळतं, वापरणारा स्वतः बटण दाबून टायटल बार लपवतो, आणि बंद करायची बटणं तरीही सिस्टीमच्याच हातात राहतात. प्रमाणित नियमातही हीच अट घाला म्हणा. कीबोर्डचंही एक वाक्य टाका, विंडोजवर ऑल्ट स्पेस आणि मग एम दाबून विंडो हलवता येते, ते तसंच चालत राहिलं पाहिजे.

प्रतिसाद २

मीडिया क्वेरीचा मुद्दा पटला. मागे घेतो माझं.

धागाकर्ती

@प्रतिसाद ३, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला, होव्हर का चालत नाही ते आज कळलं, काउंटरवर माऊस नेला की सम दाखवायची असं काहीतरी मी त्यावर बांधत होते, ते आता पट्टीच्या खाली घेते.

मजकूर असा लिहिलाय, चुकत असेल तर सांगा:

'माझ्याकडे एक छोटी विंडो आहे, तिची वरची पट्टी ओढायची जागा आहे. पट्टीवर उघडणाऱ्या यादीतल्या पहिल्या दोन ओळी दिसतात पण दाबता येत नाहीत, कारण यादी पानात आधी आहे. तीच पट्टी दुसऱ्या इंजिनात ओढताच येत नाही. ओढायच्या जागेसाठी एकच प्रॉपर्टी हवी, तिचा हिशोब रंगवण्याच्या क्रमाने व्हावा, वंशज नसलेलं वरचं एलिमेंट वजा धरावं, आणि साध्या टॅबमध्ये तिचा परिणाम शून्य असावा.'

इंग्रजीत करून रविवारी जुन्याच इश्यूवर टाकते. त्याआधी एकच हवंय, वेलँडवर लिनक्स आणि टचस्क्रीन दोन्ही असलेला लॅपटॉप कोणाकडे आहे का? बोटाने पट्टी ओढल्यावर नक्की काय होतं ते मला स्वतःला बघता येत नाहीये, आणि न बघता त्यात लिहायचं नाहीये. असेल तर इथेच सांगा, टेस्टचं पान पाठवते, दहा मिनिटांचं काम आहे.